कोयना-चांदोलीच्या ढगातल्या रानात पहिल्यांदा जाताना

सातारा-सांगलीकडच्या माणसाला कोयना आणि चांदोली ही नावं पाठ असतात ती धरणांमुळे. पावसाळा लागला की पेपरात रोज टीएमसीचे आकडे येतात, कोयना, नवजा आणि महाबळेश्वर इथे किती मिलिमीटर झाला ते येतं. पण हे पाणी ज्या रानातून झिरपत खाली येतं, त्या रानात प्रत्यक्ष पाय ठेवलेली माणसं फार कमी भेटतात. इच्छा पुष्कळांना असते, पण गाडी अडते ती साध्या प्रश्नांवर. शिरायचं कुठून? परवाना कोण देतं? पावसात जाता येतं का? कास बघितलं म्हणजे कोयना बघून झालं का?

मी कराडची. या डोंगरात वर्षानुवर्षं फिरत आले आहे आणि ओळखीपाळखीतल्या नव्या लोकांना सोबत नेत आले आहे. दर वेळी तेच प्रश्न येतात आणि तिथेच गोंधळ होतो, म्हणून सगळं एका जागी लिहून काढते आहे.

आधी हे कसलं रान आहे ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावर ठरतं. अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा कोकणच्या बाजूने सह्याद्रीच्या कड्यांना धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि ढग थेट झाडांमध्ये उतरतो. पाऊस थांबलेला असतो, तरी झाडाखाली उभं राहिलं की थेंब पडत राहतात. ढगातले तुषार पानांवर, फांद्यांवर, शेवाळावर अडकतात, एकमेकांत मिसळतात आणि जड झाले की खाली ओघळतात. मॉन्टेव्हर्देसारखी कोस्टारिकातली प्रसिद्ध ढगांची जंगलं जवळजवळ वर्षभर धुक्यात असतात. आपल्याकडे ढग मुक्कामाला येतो तो जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने या रानाला साठवणीवर काढावे लागतात. त्यामुळे ऑगस्टमधलं रान आणि एप्रिलमधलं रान ही दोन वेगळी ठिकाणं वाटतात.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून त्याचं क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत आपल्या बाजूची कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. नावात व्याघ्र आहे म्हणून ताडोब्यासारखा वाघ दिसेल, या अपेक्षेने जाऊ नका. इथे वाघ अगदी मोजके आहेत आणि झाडी इतकी दाट की पंधरा पावलांवरचा गवासुद्धा दिसत नाही. तुम्ही जाताय ते हे रान पाणी कसं धरून ठेवतं ते बघायला, आणि त्यासाठी वेळ आणि शांतपणा लागतो.

१. आधी महिना ठरवा

सगळ्यांत जास्त लोक इथेच फसतात. ढग बघायचा म्हणून जुलैत गाडी काढतात आणि चौकीवरून परत येतात. पावसाळ्यात, साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर, अभयारण्याचा आतला भाग पर्यटकांना बंद असतो. वासोटा किल्लाही बंद आणि चांदोलीही बंद. तारखा एखाद्या वर्षी पुढे-मागे होतात, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या.

पण ढगातलं रान अनुभवायचं तर पावसाळाच हवा. मग ते रानाच्या कडेकडेने बघायचं. महाबळेश्वर त्यासाठी सगळ्यांत सोपं. सुमारे १३७० मीटर उंची, आणि भोवती तीच अंजनी-जांभूळ-पिसा-हिरड्याची सदाहरित झाडी. जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात फेरी मारण्यापेक्षा लिंगमळ्याच्या बाजूला किंवा आर्थर सीटकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी बाजूला लावा आणि पायी चाला. दुसरी जागा म्हणजे कोयनानगरहून नवजाकडे जाणारा रस्ता. नवजाजवळचा ओझर्डे धबधबा वन विभागाने खुला ठेवला असेल तरच तिकडे जा.

इथे कळकळीने सांगते. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी पाटण-कोयनेच्या डोंगरात जाऊ नका. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या पाटण तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या आणि माणसं गेली. ती पिढ्यान्पिढ्या तिथे राहणारी, डोंगर ओळखणारी माणसं होती. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असला तर बेत पुढे ढकला.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा नवख्यांसाठी उत्तम काळ. वाटा उघडलेल्या असतात, ओढे वाहते असतात, खोडांवरचं शेवाळ अजून ओलं आणि फुगलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे वेगळंच धुकं मिळतं. पावसाळ्यातला ढग कोकणातून कडा चढून येतो. हिवाळ्यातलं धुकं मात्र खालून, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या खोऱ्यात रात्रीतून साठतं, आणि उंचावर उभं राहिलं की ते आपल्या पायाखाली पसरलेलं दिसतं. ऊन वर आलं की विरतं, म्हणून उठायला उशीर केलात तर ते गेलेलं असतं.

मार्च-एप्रिलमध्ये अंजनी फुलते. आख्ख्या फांदीला निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात आणि खाली वाटेवर निळा सडा पडतो. या दिवसांत प्राणी पाणवठ्यावर येतात, त्यामुळे दिसण्याची शक्यता वाढते, पण उघड्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, ऊन भाजून काढतं. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं, आणि महिना सरता सरता काजवे.

२. मग दार ठरवा

या रानाला मुख्य तीन दारं आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

*बामणोली (तालुका जावळी, जिल्हा सातारा).* साताऱ्याहून कासमार्गे साधारण ३५ किलोमीटर. साताऱ्याच्या स्टँडवरून एसटी आहे, पण फेऱ्या थोड्या, म्हणून परतीची वेळ आधी बघा. इथून बोटीने शिवसागर ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं आणि वासोटा चढायचा. तब्येतीने धडधाकट असाल आणि आतल्या दाट रानातून चालायचं असेल, तर हेच दार घ्या. वासोट्याची वाट मारुतीच्या मूर्तीपासून रानात शिरते आणि माथ्याजवळ येईपर्यंत बराच वेळ आकाश धड दिसत नाही.

*कोयनानगर (तालुका पाटण, जिल्हा सातारा).* कराडहून पाटणमार्गे चिपळूण रस्त्यावर. घरच्या सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर सोयीचं. धरणाचा परिसर, नेहरू उद्यान आणि नवजाचा रस्ता, एवढं कुणालाही जमतं. जंगली जयगड किंवा भैरवगड करायचा असेल तर वन विभागाची परवानगी आणि वाटाड्या दोन्ही घ्या. त्या वाटांवर गव्यांचा वावर असतो आणि ढोरवाटा इतक्या फुटतात की ओळखीचा माणूससुद्धा चकतो.

*चांदोली (तालुका शिराळा, जिल्हा सांगली).* पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणावतीला जायचं. इथे आत वाहनाने, वाटाड्या सोबत घेऊन जाता येतं. त्यामुळे फार चालता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांना रानाच्या पोटात न्यायचं असेल तर मी चांदोलीच सुचवते. झोळंबीचा सडा इथलाच. वर उघडा जांभा दगड आणि सडा संपतो तिथे एकदम काळोखी झाडी. सह्याद्रीत रान आणि पठार कसं शेजारी शेजारी नांदतं ते एका नजरेत कळतं.

एक गैरसमज इथेच दूर करते. कासचं तिकीट आणि बामणोली-वासोट्याचा परवाना यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुमारास, ऑनलाइन नोंदणी करून जावं लागतं आणि रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली असते. तेव्हा वासोटा बंद असतो. वासोटा उघडतो तेव्हा कासची फुलं सरत आलेली असतात. दोन्ही एकाच दिवशी उरकायचा बेत आखूच नका.

३. परवाना आणि कागदपत्रं

परवाना त्या त्या दाराजवळच्या वन विभागाच्या कार्यालयात किंवा चौकीवर मिळतो: वासोट्यासाठी बामणोलीत, चांदोलीसाठी वारणावतीत. शुल्क माणशी, वाहनाचं, कॅमेऱ्याचं आणि वाटाड्याचं असं वेगवेगळं असतं. दर बदलतात, म्हणून आकडा इथे लिहीत नाही. चौकीवर फलक असतो, तो आधी वाचा आणि प्रत्येक गोष्टीची पावती मागून घ्या. आत कुठेही विचारलं तर तीच दाखवायची असते.

सोबत ठेवा:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र (आधार किंवा वाहन परवाना) आणि त्याची एक झेरॉक्स
- कागदावर लिहिलेली सगळ्यांची यादी: पूर्ण नाव, वय, गाव, मोबाइल नंबर आणि घरच्या एका माणसाचा नंबर
- गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी
- विद्यार्थ्यांचा गट असेल तर शाळा-कॉलेजचं पत्र
- रोख पैसे, त्यातही सुट्टे

रोख पैशांवर मुद्दाम जोर देते. बामणोलीच्या पलीकडे आणि वारणावतीच्या आत मोबाइलची रेंज येते-जाते, आणि फोनवरून पैसे पाठवायची सवय तिथे कामाला येत नाही.

बोटीचं भाडं बहुतेक वेळा आख्ख्या बोटीचं असतं. तिघे-चौघे असाल तर तेवढ्यांनाच सगळं भाडं अंगावर येतं. काठावर आणखी छोटे गट थांबलेले असतात. त्यांच्याशी बोला आणि बोट वाटून घ्या. पण एक नक्की ठरवा: परत यायची वेळ दोन्ही गटांना एकच मान्य हवी. नाहीतर संध्याकाळी एक गट बोटीत बसून आणि दुसरा अजून डोंगरावर, असं होतं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका. पट्टा तुटका असेल तर दुसरं मागा, संकोच करू नका.

साप्ताहिक सुट्टी, वणव्याचा काळ, प्राणीगणना अशा कारणांनी दार मध्येच बंद असू शकतं. आदल्या दिवशी संबंधित कार्यालयात फोन करा. त्यांचा नंबर कुणाच्या जुन्या पोस्टमधून उचलू नका, व्याघ्र प्रकल्पाच्या किंवा वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या.

४. पिशवीत काय भरायचं

यादी छोटीच ठेवा. चांगली पकड असलेले बूट (नवे कोरे नकोत), पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लवकर वाळणारे कपडे, खाकी, तपकिरी, मळकट हिरव्या अशा रंगांचे. जीन्स नको. भिजली की जड होते आणि वाळत नाही. लांब मोजे, टोपी, बॅटरी, शिट्टी, मीठाची पुडी, पट्टी-बँडेज, ओआरएस, स्वतःची रोजची औषधं. पाणी माणशी किमान तीन लिटर, स्टीलच्या किंवा पुन्हा वापरायच्या बाटलीत. दुर्बीण असेल तर कॅमेऱ्याआधी ती घ्या.

प्लॅस्टिक शक्यतो घरीच ठेवा. वासोट्याच्या वाटेवर चौकीला पिशव्या तपासतात, आत जाणारं प्लॅस्टिक मोजतात, अनामत घेतात आणि परत आणून दाखवलं की पैसे देतात. वेफर्सची पाकिटं आणि बिस्किटांचे पुडे काढून एका डब्यात भरलेत, तर तुमचा अर्धा तास वाचतो. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी, एवढं पुरतं. सेंट, अत्तर, उग्र वासाचं तेल लावून जाऊ नका. का ते पुढे येईल. स्पीकर, ड्रोन, दारू, सिगारेट यांना आत जागा नाही.

बायका-मुलींसाठी एक: आत स्वच्छतागृह नाही. बोटीत किंवा गाडीत बसण्याआधी काठावरची सोय वापरून घ्या, आणि लागणाऱ्या वस्तू परत आणण्यासाठी वेगळी बंद पिशवी ठेवा. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नव्हे. चढावर त्रास होतो.

५. प्रत्यक्ष दिवस

सूर्यास्ताआधी बाहेर पडायचं, हा तिन्ही दारांचा नियम. बाकीचं वेळापत्रक तिथून मागे मोजत या. वासोट्याचं साधारण असं बसतं: सकाळी ८ पर्यंत बामणोलीत, कागद आणि बोट होईपर्यंत ९, पाणी कापायला तासाच्या वर, चढायला अडीच-तीन तास. म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत दुपारचा १ वाजतो. अडीचला उतरायला लागलंच पाहिजे, मग माथा पूर्ण बघून झाला असो वा नसो. बाबूकड्यावरून कोकणात डोकावलं, महादेवाचं देऊळ आणि पाण्याची टाकी बघितली, की पुरे.

पुण्याहून किंवा सांगलीहून पहाटे निघून हे सगळं एका दिवसात करता येतं असं लोक सांगतात. करता येतं, पण रान बघायचं राहून जातं. आदल्या रात्री बामणोली, शेंबडी किंवा कासच्या भागात मुक्काम करा. चांदोलीसाठी वारणावती किंवा शिराळ्याच्या बाजूला. गावात घरगुती जेवण मिळतं. जाताना किती माणसं आहात ते सांगून ठेवा, म्हणजे संध्याकाळी गरम भाकरी आणि पिठलं तयार असतं. न सांगता दारात उभं राहून पंधरा ताटं मागणं हा त्या माउलीवर अन्याय आहे.

निघताना घरच्या एका माणसाला दार, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ कळवा. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

६. रानात शिरल्यावर कसं बघायचं

बहुतेक लोक रान चालून संपवतात. वाटाड्याच्या मागे माना खाली घालून भराभर चढतात आणि वर पोचल्यावर म्हणतात, काहीच दिसलं नाही. चांदोलीत आमच्यासोबत असलेले एक वयस्कर वाटाडे गटातल्या घाईच्या पोरांना एवढंच म्हणाले होते, "पाव्हणं, दमानं. रान कुटं पळून चाललंय का?"

तर दमाने. सुरुवातीलाच एका जागी दहा मिनिटं गप्प उभं राहा. आधी आवाज येतील. शेकरू झाडाच्या शेंड्यावरून खरखरीत आवाजात ओरडतं. वर बघितलं तर फांद्यांच्या बेचक्यात पानांचा आणि काटक्यांचा मोठा गोळा दिसेल, ते त्याचं घर. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे गोळा दिसला म्हणजे आत शेकरू असेलच असं नाही. आपला राज्यप्राणी इतक्या सहजपणे दिसणाऱ्या जागा थोड्याच उरल्या आहेत. उंबर किंवा नांदरुक फळलेलं दिसलं तर तिथे बसूनच राहा. हरियल, तांबट, धनेश सगळे तिथे येतात. पावसाच्या तोंडाला गेलात तर ओढ्याकाठी पहाटे कुणीतरी माणूस शीळ घालत चाललाय असं वाटेल. तो शीळकरी कस्तुर.

मग नजर जवळ आणा. एखाद्या जुन्या जांभळाच्या खोडापाशी थांबा आणि खोडाभोवती एक फेरी मारा. एक बाजू जास्त हिरवी दिसते का? वाऱ्याची दिशा कोणती, ते तिथे उभं राहून ताडून बघा. शेवाळाच्या गादीवर बोट अलगद टेकवा, उपटू नका. पाऊस होऊन आठवडा झाला असला तरी बोटाला ओल लागते. तिच्यातच चिमुकले नेचे उगवलेले असतात आणि त्यांच्या मुळाशी एखादी आमरी (ऑर्किड) चिकटलेली असते. मातीशी तिचा संबंध नसतो. हवेतली ओल आणि सालीत साठलेला पालापाचोळा एवढ्यावर ती जगते. फांद्यांवर राखाडी-हिरव्या झालरी दिसतील. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाच्याच जातकुळीतल्या या झालरी. हवा धुराने खराब झाली की यातल्या कितीतरी जाती टिकत नाहीत, म्हणून त्या भरगच्च दिसल्या की मला बरं वाटतं.

कड्याच्या बाजूची झाडं ठेंगणी आणि वाकडी का, हेही लक्षात येईल. वारा त्यांना उंच होऊ देत नाही. दोनशे पावलं आत घळीत उतरलात की तीच झाडं सरळ आणि उंच झालेली दिसतात.

जमिनीकडेही बघा. सड्यावरच्या उथळ डबक्यांत पावसाळ्यात बेडकांचा संसार चालतो. कोयनेचंच नाव मिळालेला एक भेक आहे, आणि तो उत्तर सह्याद्रीच्या या पट्ट्याबाहेर सापडत नाही. सड्यावर गाडी घालू नका आणि दगड उलटेपालटे करू नका, ते यासाठी.

चालता चालता मध्येच एखादं आंब्याचं झाड, घराचं जोतं, तुळशीवृंदावन किंवा छोटं देऊळ लागेल. इथे गावं होती. कोयना धरणात काही गेली, पुढे अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पासाठी काही उठली. उठलेली माणसं आजही आपल्या देवाला यायचं सोडत नाहीत. देवळात चपला काढा, तिथे जेवणाची पंगत मांडू नका, जोत्यावरचे दगड हलवू नका. वाटाडे मामा बोलत्या स्वभावाचे असतील तर त्यांना गावांची नावं विचारा. कुठली वाट कुठल्या वाडीला जायची, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि हे ज्ञान कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही.

७. सांभाळायचं कशाला

*जळवा.* पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत असतात. मोजे पँटवरून ओढून घ्या. चिकटली तर खेचू नका. नख किंवा जाड कागद त्वचेलगत सरकवून तिचं तोंड सोडवा. जखमेतून बराच वेळ रक्त येतं, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. धुऊन दाबून पट्टी बांधा. मीठ मोज्यांवर चोळायला ठीक, जखमेवर नको.

*साप.* चापडा हा हिरवा, तिकोनी डोक्याचा विषारी साप आपल्या कमरेच्या किंवा हाताच्या उंचीवरच्या फांदीवर तासन्‌तास न हलता बसतो. चढताना आधारासाठी फांदी धरण्याआधी बघा. दगडाच्या कपारीत हात घालू नका, तिथे फुरसं असू शकतं. चावलाच तर कापाकापी किंवा आवळपट्टी नको. माणसाला शांत ठेवा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि पहिल्या सरकारी रुग्णालयाकडे निघा. बोटीचा वेळ धरला तर हा प्रवास लांबचा आहे, म्हणून चावा टाळणं यातच शहाणपण.

*आग्या मोहोळ.* कड्यांवर आणि उंच झाडांवर असतं. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्या तर तोंड आणि मान झाकून आल्या वाटेने झपाट्याने दूर व्हा, हात झटकू नका. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर सापापेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटते, कारण एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या गटाला होते.

*गवा आणि अस्वल.* गवा वाटेत दिसला तर थांबा, हळूहळू मागे सरा, फोटोसाठी पुढे जाऊ नका. सोबत पिल्लू असेल तर आणखी अंतर ठेवा. अस्वल सकाळ-संध्याकाळ हिंडतं, म्हणून त्या वेळी एकट्याने पुढे जायचं नाही.

*धरणाचं पाणी.* जलाशयाचा उतार फसवा आणि गाळाचा असतो, पोहायला उतरू नका. कोयना किंवा वारणेच्या पात्रात धरणाखालीही नको. विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं.

८. दार बंद मिळालं तर

सगळी तयारी करूनही एखाद्या दिवशी चौकीवर नकार मिळतो. आतल्या माणसाशी वाद घालू नका आणि चोरवाटेने कुणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे, आणि आत काही झालं तर शोधायला कुणी येणार नाही, कारण तुमची नोंदच नसते.

बामणोलीहून परतलात तर कासच्या तलावाकाठची झाडी बघा. ती कुणी फारशी बघत नाही, पण तिथे धनेशाची गाठ पडू शकते. पुढे सज्जनगड आणि ठोसेघर एका दिवसात होतात. कोयनानगरहून परतलात तर पाटणजवळचं सडावाघापूर पठार. जोराच्या वाऱ्याने कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं ते पावसाळ्यात तिथे दिसतं. कड्याच्या टोकापासून मात्र दूर. चांदोलीहून परतलात तर शिराळ्याच्या बाजूचं गुढे-पाचगणी पठार. हाताशी आणखी वेळ असेल तर देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य. ते कोरडं, हरणांचं रान. एकाच जिल्ह्यात एवढ्या अंतरावर पाऊस किती बदलतो आणि त्याबरोबर झाडं कशी बदलतात, हे चांदोलीच्या दारात जाऊन आलेल्या माणसाला सागरेश्वरच्या टेकडीवर उभं राहिलं की लगेच दिसतं.

आणि चौकीवरून मागे फिरण्याआधी पुन्हा कधी उघडणार ते विचारून, तारीख आणि तिथला फोन नंबर वहीत लिहून घ्या.